एका किलो चाऱ्याचं दूध

पहाटे 4:30. राहुरीजवळच्या आमच्या गोठ्यात धारांआधी गव्हाणी रिकाम्या होतात. रात्रीची उरलेली वैरण गाईगणिक तोलून वहीत लिहितो. टाकलेला चारा पुष्कळ जण मोजतात, उरलेला फारसं कोणी मोजत नाही. हिशोब तिथेच चुकतो.

5:15. कास धुऊन मशीन लावलं. तुलनेला तीन गाई: एचएफ संकरित चांदी, जर्सी संकरित तांबू आणि गीर गौरी. तिघीही व्यायल्याला चौथा महिना, मुद्दाम तशाच निवडल्या. ताजी व्यालेली गाय अंगावरची चरबी मोडून दूध देते. वहीत ती स्वस्त दिसते, पण अंग उतरतं, माज लांबतो, आणि तो खर्च पुढच्या वेतावर पडतो.

7:00. दूध सेंटर. तिघींचे नमुने वेगळे लावले. फॅट चांदीला 3.5, तांबूला 4.8, गौरीला 4.6.

8:30. मुरघास, कडबा कुटी, वर खुराक. ओल्या वजनावर जाऊ नये. दहा किलो मुरघासात कोरडा चारा जेमतेम तीन-साडेतीन किलो, बाकी पाणी; कडब्यात मात्र दहातले नऊ किलो कोरडेच. म्हणून वहीत फक्त कोरडं वजन जातं.

दुपारी 1:00. उन्हाचा तडाखा. चांदी धापा टाकते, गव्हाणीकडे बघतही नाही. पंखे लावले, पाणी भरलं, तिची वैरण संध्याकाळच्या गारव्यावर ढकलली. गौरी निवांत रवंथ करतेय.

5:15. दुसऱ्या धारा.

रात्री 9:00. दिवसाचा हिशोब. चांदी: 16 किलो कोरड्या चाऱ्यावर 20 किलो दूध, म्हणजे किलोमागे 1.25. तांबू: 12 वर 14, म्हणजे 1.17. गौरी: 10 वर 8. इथे वही मिटली तर चांदीच पुढे. पण सगळं दूध 4 टक्के फॅटवर आणून पाहावं: दुधाची 0.4 पट, त्यात फॅटच्या किलोंची 15 पट मिळवायची. चांदीचे 18.5 किलो होतात, तांबूचे 15.7. आता किलो चाऱ्यामागे चांदी 1.16 आणि तांबू 1.31. गौरी 0.87 वरच राहते. गीरचं मला मनापासून कौतुक आहे, ते तिच्या काटकपणाचं. चाऱ्याचं दूध करण्यात ती या दोघींच्या मागेच.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने फुले त्रिवेणी या संकरित गाईत या तिन्ही जाती एकत्र आणल्या: निम्मं रक्त एचएफचं, पाव जर्सीचं, पाव गीरचं.

तुमचं सेंटर फॅटला चांगली वाढ देत असेल, तर चारा टंचाईत जर्सी संकरितच परवडते. नुसत्या लिटरवर भाव असेल आणि हिरवा चारा मुबलक, तर एचएफ ठेवा. लोणीच्या बाजारात गाय घ्यायला जाल तेव्हा ती दूध किती देते एवढ्यावर थांबू नका. फॅट किती लागतं, खाते किती आणि व्यायल्याला किती महिने झाले, हेही विचारा.