३५० सीसीच्या आत नवी 'रोड अ‍ॅडव्हेंचर' बाईक येणार? परभणीच्या रायडर्सना नेमकं काय हवंय, समजून घ्या

परभणी : काळ्या-पांढऱ्या स्टिकरने झाकलेली एक टेस्टिंग गाडी, धावत्या कारमधून काढलेला धूसर फोटो आणि खाली एकच ओळ, 'लवकरच येतेय'. असा फोटो ग्रुपवर पडला की चर्चा रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. चर्चेतल्या गाडीचं वर्णनही आता पाठ झालंय : इंजिन ३५० सीसीच्या आत, पुढे १९ इंचांचं चाक, लांब सस्पेन्शन, पण डोंगरातल्या दगडधोंड्यांपेक्षा डांबरी रस्त्यासाठी बनवलेली.

'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणणाऱ्या जिल्ह्यात अशा गाडीबद्दल उत्सुकता का आहे? आणि तिच्यासाठी थांबावं का?

३५० सीसीचीच चर्चा का?

उत्तर जीएसटीत आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यावरच्या दुचाकींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. त्याआधी सगळ्यांवर २८ टक्के होता आणि ३५० सीसीच्या वर ३ टक्के सेस.

साधा हिशोब करा. करापूर्वी २ लाखांची गाडी १८ टक्क्यांनी २ लाख ३६ हजारांना पडते. तीच ४० टक्क्यांनी २ लाख ८० हजार. फरक ४४ हजारांचा. आरटीओचा कर आणि विमा वेगळाच.

रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० (४५२ सीसी) आणि चाकणला बनणारी केटीएम ३९० अ‍ॅडव्हेंचर या दोन्ही ४० टक्क्यांच्या गटात गेल्या. त्यामुळे कंपन्या ३५० च्या आतली इंजिनं आणतील का, या प्रश्नाला जोर आला. कापूस-सोयाबीनच्या पैशावर किंवा हप्त्यावर गाडी घेणाऱ्या घरासाठी ४४ हजार ही छोटी रक्कम नाही.

'रोड-फोकस्ड' म्हणजे नेमकं काय?

सगळा खेळ पुढच्या चाकाचा आणि सस्पेन्शनचा आहे.

- २१ इंच, स्पोकचं चाक : खड्डे आणि दगडांवरून सहज जातं, पण वळणावर गाडी थोडी सावकाश वळते. स्पोकच्या चाकात बहुतेक वेळा ट्यूब असते.
- १७ इंच : चपळ आणि रस्त्यावर घट्ट, पण मोठ्या खड्ड्यात दणका बसतो.
- १९ इंच, अलॉय : दोन्हींच्या मधला मार्ग. ट्यूबलेस टायर बसतो.

सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स २०२२ मध्ये याच सूत्रावर आली : २४९ सीसी, पुढे १९ आणि मागे १७ इंच. १५ ऑक्टोबर २०२५ ला टीव्हीएसने अपाचे आरटीएक्स ३०० आणली. तिचीही चाकं १९ आणि १७ इंचांची, ताकद ३६ पीएस आणि सुरुवातीची एक्स-शोरूम किंमत १ लाख ९९ हजार. म्हणजे हा प्रकार नुसता स्वप्नातला नाही. चर्चा आहे ती त्यात आणखी पर्याय येण्याची.

परभणीला ती का जमते?

इथे बहुतेक घरांत एकच मोठी गाडी परवडते. तीच ऑफिसला, तीच शेतावर, तीच रविवारच्या फेरीला. परभणीहून औंढा नागनाथ आणि परळी वैजनाथ ही दोन ज्योतिर्लिंगं एका दिवसात जाऊन येण्यासारखी आहेत. जिंतूरकडे निघालात तर नेमगिरीच्या जैन लेण्या, चारठाण्याची जुनी मंदिरं आणि येलदरी धरण आहे. पुढे लोणारही गाठता येतं.

यातला बहुतांश प्रवास डांबरी किंवा सिमेंट रस्त्याचा. समृद्धी महामार्गावर दुचाकींना बंदी आहे, त्यामुळे लांबचा पल्लाही राष्ट्रीय महामार्ग ६१ सारख्या नेहमीच्या रस्त्यांवरूनच गाठावा लागतो. तिथे ताशी ८०-९० चा वेग आरामात धरणारी गाडी हवी.

पण मुख्य रस्ता सोडून गावाकडे वळलं की चित्र बदलतं. पावसाळ्यात काळी माती चाकाला चिकटते आणि मडगार्ड खाली असेल तर चाकच अडकतं. शेतरस्त्याला बाभळीचे काटे. ट्यूबलेस टायरची हवा एकदम जात नाही आणि पंक्चर किट जवळ असेल तर चाक न काढता काम होतं. म्हणून १९ इंची अलॉय चाक आणि उंच मडगार्ड ही जोडी इथे कामाची.

हॉर्सपॉवरपेक्षा या चार गोष्टी पाहा

१. सीटची उंची : व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि आरटीएक्स, दोन्हींची सीट ८३५ मिमी. साडेपाच फुटांच्या माणसाचे दोन्ही पाय पूर्ण टेकणं अवघड. मागे आई किंवा बायको साडी नेसून बसणार असेल तर प्रश्न आणखी वाढतो. ८०० मिमीच्या आसपासची सीट ही इथली मोठी अपेक्षा आहे.

२. उष्णता : मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. लिक्विड कूल्ड इंजिन तापमान सांभाळतं, पण रेडिएटरच्या पंख्याची गरम हवा पायांवर येते. टेस्ट राईड सकाळच्या गारव्यात नको, दुपारी बाजारातल्या गर्दीत घ्या.

३. मायलेज : मनमाडच्या डेपोतून येणाऱ्या इंधनाच्या वाहतूक खर्चामुळे परभणीचं पेट्रोल महाग असतं. २०१८ मध्ये देशातलं सर्वांत महाग पेट्रोल म्हणून परभणीचं नाव गाजलं होतं. त्यामुळे 'कितना देती है?' हा प्रश्न इथे चेष्टेचा नाही. १२ लिटरची टाकी आणि ३० चं मायलेज धरलं, तर एका टाकीत ३६० किमी होतात.

४. सर्व्हिस : शोरूम असणं वेगळं आणि त्या मॉडेलचे पार्ट व शिकलेला मेकॅनिक असणं वेगळं. क्लच प्लेटसाठी नांदेड किंवा सुमारे २०० किमीवरचं छत्रपती संभाजीनगर गाठावं लागलं, तर गाडीची बचत तिथेच संपते.

मग थांबायचं का?

आरटीएक्सचंच उदाहरण घ्या. तिचं इंजिन टीव्हीएसने डिसेंबर २०२४ मध्ये गोव्यातल्या मोटोसोलमध्ये दाखवलं. गाडी बाजारात यायला दहा महिने लागले. इंजिन अधिकृतपणे दाखवल्यावर हा वेळ, तर नुसत्या फोटोवरून तारीख कशी धरणार?

रोजच्या कामाला गाडी हवी असेल, तर आज उपलब्ध असलेल्या गाड्या चालवून पाहा. जुनी गाडी धड चालत असेल, तरच थांबण्यात अर्थ आहे. आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा : कंपनीने जाहीर न केलेल्या गाडीसाठी कुणी 'आधी नंबर लावतो' म्हणून पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका. लाँचनंतर गाडी शोरूमला येईल तेव्हा सगळ्यात आधी सीटवर बसून पाय टेकतात का ते पाहा. सीसीचा विचार त्यानंतर.