मिनिटाला पाचशे तास

पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटलेली डेक्कन क्वीन सव्वातीन तासांत मुंबईला टेकते. तेवढ्या वेळात आपण काय करतो? डायनिंग कारमधला चीज टोस्ट खातो, घाटात खिडकीबाहेर बघतो, कर्जतनंतर एक डुलकी काढतो. आणि उतरतो तेव्हा यूट्यूबवर ११ वर्षांचा नवा माल येऊन पडलेला असतो. ११ तासांचा नव्हे, ११ दिवसांचाही नव्हे, ११ वर्षांचा! पहिलीतल्या पोराने तो रात्रंदिवस बघायला घेतला, तर संपेपर्यंत त्याची बारावीची परीक्षा दारात उभी असेल.

विश्वास बसत नाही ना? चला, पाटी-पेन्सिल घेऊन बसू. दर मिनिटाला ५०० तासांहून जास्त व्हिडिओ तिथे चढतो, हा आकडा यूट्यूबने काही वर्षांपूर्वी स्वतःच दिला होता. आपण तोच धरू. मिनिटाला ५००. तासाला ३० हजार. दिवसाला ७ लाख २० हजार तास. चोवीसने भागा, ३० हजार दिवस झाले. ३६५ ने भागा, ८२ वर्षं झाली. आणि हा एका दिवसाचा माल! बाळाने जन्मल्या क्षणी डोळे उघडून बघायला सुरुवात केली, एकदाही डोळा लागू दिला नाही, तर त्याचं सहस्रचंद्रदर्शन उरकल्यावर जन्मदिवशीचा साठा संपेल. दुसऱ्या दिवशीच्या मालासाठी दुसरा जन्म. वर्षभराच्या मालासाठी ३६५ जन्म.

आता डेक्कन क्वीनलाच मोजपट्टी करू. ही गाडी १ जून १९३० रोजी पहिल्यांदा धावली. रोज एक जाणं आणि एक येणं धरलं (सुरुवातीला ती रोज नव्हती आणि कोरोनात बंदही होती, ते सोडून देऊ), तरी ९५ वर्षांत फेऱ्या भरतात कशाबशा ७० हजार. आणि एका दिवसात चढलेले व्हिडिओ गाडीत बसून बघायचे ठरवले, तर फेऱ्या लागतात २ लाख २१ हजार! रोज दोन फेऱ्यांच्या हिशेबाने ३०० वर्षांचा प्रवास. आजोबांचा पास नातवाला चालतो का, हे खिडकीवर आधीच विचारून ठेवलेलं बरं.

पुण्या-मुंबईबाहेरच्या वाचकांसाठी विहीर घेऊ. व्हिडिओचा एक तास म्हणजे एक लिटर पाणी, असं माना. २० फूट रुंदीच्या विहिरीत ३० फूट पाणी असेल, तर ते होतं सुमारे २ लाख ६७ हजार लिटर. अशा पावणेतीन विहिरी रोज काठोकाठ भरतायत. वर्षाला जवळजवळ एक हजार विहिरी! आणि तुम्ही रोज अगदी नेमाने दोन तास बघता, म्हणजे काढून काय काढता? दोन तांबे.

यातलं बहुतेक पाणी पिण्याजोगं नाही, हे कबूल. मांजरी आहेत, वराती आहेत, कुणी पाचव्या माळ्यावरून गादीवर उड्या मारतंय. म्हणून गाळणी लावू, आणि ती अगदी बारीक लावू. शंभरातले नव्याण्णव लिटर बिनदिक्कत ओतून द्या, एकच ठेवा. तरीही दिवसाला ७,२०० लिटर उरतात, म्हणजे दारात रोज एक टँकर. रोज सहा तासांची, वर्षाला २२० दिवसांची शाळा धरली, तर या टँकरमध्ये पाच वर्षांहून जास्त शाळा मावते. आज पाच वर्षं, उद्या पाच वर्षं, परवा पुन्हा पाच.

बरं, एवढी गाळणीही नको असेल, नुसतं केशरच हवं असेल, तर अमेरिकेतल्या एमआयटीकडे वळा. २००१ च्या एप्रिलमध्ये या संस्थेने जाहीर केलं की आमच्या अभ्यासक्रमांचं साहित्य आम्ही जगाला फुकट देणार. आज तिथे अडीच हजारांहून जास्त अभ्यासक्रम खुले आहेत. अडीच हजार म्हणजे किती? तिथला विद्यार्थी चार वर्षांत साधारण ३२ विषय करून पदवी घेतो. भागाकार करा, ७८ पदव्या! प्रत्येकीला चार वर्षं, म्हणजे ३१२ वर्षं. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळाली, त्या सुमारास तुम्ही पहिल्या वर्गात बसला असतात, तर पेशवाई आली, पानिपत झालं, पेशवाई बुडाली, इंग्रज आले, इंग्रज गेले, संयुक्त महाराष्ट्र झाला, आणि तुमचा शेवटचा पेपर आत्ता कुठे संपला असता. फीचं बोलू? वर्षाची शिकवणी फी ६० हजार डॉलरच्या वर. एक पदवी दोन कोटी रुपयांच्या घरात. ७८ पदव्यांचे दीडशे कोटींहून जास्त. एवढा माल समोर ठेवलाय, आणि खाली किंमत लिहिली आहे शून्य.

आपल्याकडेही हात आखडता घेतलेला नाही. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून व्याख्यानं फुकट दाखवणारं एनपीटीईएल सुरू केलं. अभियांत्रिकीच्या कुठल्याही मुलाला विचारा, व्याख्यानाच्या सुरुवातीचं ते संगीत त्याला परीक्षेच्या आदल्या रात्रीची आठवण करून देतं. जेईई मेनला १२ लाखांहून जास्त मुलं बसतात, आयआयटीच्या जागा १८ हजारांच्या आसपास. साठ-सत्तरांत एक आत, बाकीचे फाटकाबाहेर. आणि तेच प्राध्यापक, तोच फळा, तोच खडू फाटकाबाहेरच्या सगळ्यांच्या खिशात. मला विचाराल तर गेल्या पंचवीस वर्षांत देशात झालेलं हे सर्वांत कमी बोललं गेलेलं मोठं काम आहे.

खिशात म्हटलं, तर खिशाचंही बघू. तासाभराचं एक व्याख्यान ३०० एमबीचं धरा. अशी चाळीस म्हणजे एक पुरता अभ्यासक्रम, १२ जीबी. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं, तेव्हा डायल-अपचा वेग होता सेकंदाला ९.६ किलोबिट. त्या वेगाने १२ जीबी उतरवायला किती वेळ? एक कोटी सेकंद! ११५ दिवसांहून जास्त. गणपतीत लावलेलं डाउनलोड नाताळात पुरं झालं असतं, आणि मधल्या चार महिन्यांत घरचा फोन कुणालाही लागला नसता. आज बऱ्यापैकी वायफायवर हेच काम अर्ध्या तासाचं. आणि पैसे? २०१४ मध्ये मोबाइलवरच्या एका जीबीला सरासरी २६९ रुपये पडत. म्हणजे या एका अभ्यासक्रमाला ३,२२८ रुपये! आज जीबी दहा रुपयांच्या आसपास, म्हणजे १२० रुपये. सहा-सात वडापावांत आयआयटी.

परदेशातलं हे ज्ञान येतं कुठून, तर समुद्राच्या तळावरून. जगभरात अशा सुमारे १४ लाख किलोमीटर केबल अंथरल्या आहेत, त्यातल्या कित्येक आपल्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला लागतात. १४ लाख किलोमीटर म्हणजे पृथ्वीला पस्तीस वेढे. मुंबई-पुणे रस्ता नऊ हजार वेळा. आणि त्या काचेच्या तारेतून प्रकाश एवढा पळतो, की आपली पापणी एकदा लवेपर्यंत तो मुंबई-पुणे-मुंबई अशा दोनशे चकरा मारून मोकळा.

आता पुस्तकांकडे या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईत मराठी विश्वकोश उभा केला, त्याचे वीस खंड. पहिला खंड आला १९७६ मध्ये. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा ज्ञानकोश २३ खंडांचा. ही दोन्ही कामं डोंगराएवढी, आणि आज दोन्ही इंटरनेटवर फुकट वाचता येतात. यापुढे इंग्रजी विकिपीडिया ठेवून बघा. २०१५ मध्ये मायकेल मँडिबर्ग या अमेरिकी कलाकाराने तो छापायचा घाट घातला, तर ७०० पानांचा एक, असे ७,४७३ खंड झाले! थोडेच खंड प्रत्यक्ष छापले, बाकीच्यांचे नुसते कणे भिंतीवर चितारले. एक खंड पाच सेंटिमीटर जाडीचा धरा. सगळे ओळीने उभे केले तर सतरा डब्यांची रेल्वेगाडी होते. आणि ही दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा लेख होते ५० लाखांच्या आसपास, आता ७० लाखांच्या वर. गाडीला आणखी सात डबे जोडा. आणि ही चोवीस डब्यांची गाडी, नुसता मजकूर घेतला आणि दाबून बसवला तर, नखाएवढ्या ३२ जीबीच्या मेमरी कार्डात मावते.

एवढं सगळं दारात, तर आपण सगळे पंडित झालो असणार! इथे एकच छोटा आकडा आडवा येतो. हार्वर्ड आणि एमआयटीच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांत नाव नोंदवलेल्यांपैकी २०१७-१८ मध्ये शेवटपर्यंत गेले किती? शंभरातले तीन. आपल्या लोकलमध्ये मोजा. चर्चगेटला विरार लोकलची साडेचार हजार तिकिटं काढली गेली. निम्म्याहून जास्त लोक गाडीत चढलेच नाहीत, नाव नोंदवून अभ्यासक्रम एकदाही न उघडणारे तेवढे होते. आणि विरारला उतरले १३५. खरं तर एका अभ्यासक्रमाचे चाळीस तास म्हणजे रोज अर्धा तास, ऐंशी दिवस. पाडव्याला धरलं तर मृगाच्या सुमारास संपतं.

शेवटी एक आकडा खास आपला. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि त्यात आज लेख आहेत एक लाखाच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख. दर ८३० माणसांमागे एक लेख! पण हाच भागाकार उलटा करून बघा. शंभरातल्या एकाने एकच लेख लिहिला, तर ८ लाख ३० हजारांची भर पडते. आणि बारा माणसांतल्या एकाने फक्त एक लेख लिहिला, तर ६९ लाख लेख होतात. आधीचा एक लाख मिळवा, ७० लाख झाले. इंग्रजीच्या मांडीला मांडी!

तुमच्या गावाचं नाव आत्ता तिथे टाकून बघा. बहुतेक गावांच्या पानावर ते अमुक तालुक्यातलं गाव आहे, एवढी एक ओळ सापडेल. तिच्याखाली भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, अशी मथळ्यांची रांग असते आणि मथळ्यांखाली फारसं काही नसतं. वर ‘संपादन’ असं लिहिलेलं आहे, तिथे बोट ठेवा. ग्रामदैवताची जत्रा कधी भरते, नदी कुठून येते, शाळा कुठल्या साली निघाली, हे छापील आधारासह लिहून टाका. पैसे पडत नाहीत, आणि गावाचं पानच नसेल, तर एक लाख एकावा लेख तुमचा असू शकतो.