हॉकी खेळणारे मूल आणि पालकांचे कर्तव्य

शालेय क्रीडास्पर्धांचे दिवस आले म्हणजे मैदानाच्या कडेला पालकांची गर्दी जमू लागते. ही गोष्ट आनंदाची आहे. तथापि, मुलाचा खेळ पाहावयास येणे आणि मुलाच्या खेळास साहाय्यभूत होणे या दोन भिन्न गोष्टी होत. पहिलीस केवळ वेळ लागतो. दुसरीस विचार लागतो. हॉकीसारखा खेळ निवडणाऱ्या मुलाच्या पालकांनी हा विचार प्रारंभीच करणे अगत्याचे आहे.

प्रथम खेळाचे स्वरूप समजून घ्यावे. हॉकीचा चेंडू टणक असून त्याचे वजन सुमारे १६० ग्रॅम असते. काठीची केवळ सपाट बाजूच चेंडूस लावता येते. साहजिकच, चेंडू डावी-उजवीकडे नेताना मनगटाने काठी सारखी फिरवावी लागते, आणि तीही कमरेत वाकून, धावता धावता. ही हातोटी साधण्यास मुलास कित्येक महिने लागतात. ज्या पालकास हे ठाऊक नसते, त्यास आपला पाल्य मंद वाटू लागतो. आणि पालकास वाटलेली गोष्ट मुलाच्या मनापर्यंत पोहोचण्यास विलंब लागत नाही.

साधने व आहार

काठी मुलाच्या उंचीस व शक्तीस मानवेल अशी असावी. ‘पुढे मोठा झाला की उपयोगी पडेल’ या हिशेबाने घेतलेली लांब व जड काठी मनगटास व पाठीस त्रास देते आणि चुकीच्या सवयी लावते. नडग्यांवरील पॅड आणि दातांचे संरक्षक कवच या वस्तू चैनीच्या नव्हेत. नवीन बूट एक वर्ष लांबवले तरी चालेल, परंतु या दोहोंवाचून मुलास मैदानात पाठवू नये.

आहारासाठी महागड्या डब्यांची आवश्यकता नाही. भाकरी, डाळ, उसळ, पालेभाजी, शेंगदाणे-गूळ, केळे, शक्य तेथे दूध व अंडी एवढ्याने मुलाची गरज भागते. पोटभर जेवण सामन्यापूर्वी दोन-तीन तास आधी व्हावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तासांची झोप हवी. पहाटे सरावास जाणारे मूल रात्री उशिरापर्यंत जागे राहत असेल, तर त्याचा खेळ व अभ्यास या दोहोंचेही नुकसान होते. आठवड्यातून एक दिवस तरी पूर्ण विश्रांती असावी.

मैदानाच्या कडेला

सामना चालू असताना एक वडील ओरडतात, “मार, मार पुढे!” प्रशिक्षकांनी त्याच मुलास चेंडू सोबत्याकडे देण्यास सांगितलेले असते. मूल क्षणभर कडेला पाहते, आणि तेवढ्यात प्रतिपक्षाचा खेळाडू चेंडू घेऊन निघून जातो. मग तेच वडील त्यास रागावतात. वस्तुतः चूक मुलाची नसते. एकाच वेळी दोन आज्ञा पाळणे मोठ्यांसही शक्य होत नाही. म्हणून सूचना प्रशिक्षकांनी द्याव्यात. पालकांनी टाळ्या वाजवाव्यात, आणि त्या प्रतिपक्षाच्या चांगल्या खेळासही वाजवाव्यात. पंचांचा निर्णय पटला नाही तरी मुलांसमक्ष वाद घालू नये. न्याय्य वर्तनाचे पाठ मूल पुस्तकापेक्षा आपल्या वडीलधाऱ्यांकडूनच अधिक शिकते.

सामना संपल्यावर घराकडे जाण्याची वाट ही सर्वांत नाजूक वेळ होय. ‘किती गोल केलेस?’ हा प्रश्न पुष्कळ घरांत प्रथम विचारला जातो. गोलरक्षक किंवा बचावपटू असलेल्या मुलाने यास काय उत्तर द्यावे? त्याऐवजी ‘खेळताना आनंद वाटला का?’, ‘आज नवीन काय जमले?’ असे विचारावे. मूल पराभवाने खिन्न झाले असेल, तर काहीच विचारू नये. पाण्याचे भांडे पुढे करावे. चुकांची चर्चा दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक करतीलच.

दुखापतीविषयी दक्षता

चेंडू किंवा काठी डोक्यास लागल्यास मुलास तत्काळ खेळातून बाहेर घ्यावे. चक्कर, वांती, डोकेदुखी, गोंधळलेपणा यांपैकी एकही लक्षण दिसल्यास विनाविलंब डॉक्टरांकडे न्यावे, आणि त्या दिवशी पुन्हा खेळू देऊ नये. ‘एवढ्याने काय होते!’ म्हणून मुलास परत मैदानात ढकलणे यास धैर्य म्हणत नाहीत. एक सामना हुकला तर पुढे दुसरा मिळतो.

मुलींचा प्रश्न

प्राथमिक वर्गांत उत्साहाने खेळणाऱ्या अनेक मुली बाराव्या-तेराव्या वर्षी मैदानावर दिसेनाशा होतात. मासिक पाळी, खेळाचा पोशाख, सायंकाळचा उशीर, घरकाम आणि ‘लोक काय म्हणतील’ ही त्यामागील कारणे होत. हरियाणातील शाहाबाद येथील राणी रामपाल यांचे वडील हातगाडी ओढून कुटुंब चालवीत. मुलीने हॉकी खेळण्यास घरून प्रथम विरोधच झाला. पुढे मात्र घराने साथ दिली. घरात घड्याळ नव्हते, म्हणून पहाटेच्या सरावासाठी आई आकाशाकडे पाहून वेळ ओळखी व मुलीस उठवी, असे त्यांनीच सांगितले आहे. २०२१ साली झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारतीय महिला संघाने चौथे स्थान मिळविले.

आपल्या राज्यातील उदाहरणही असेच आहे. पुण्याजवळील खडकी येथे कारखान्याच्या वसाहतीत वाढलेले धनराज पिल्ले मोडक्या काठ्यांवर खेळ शिकले. घरची स्थिती बेताची असूनही आईने मुलांच्या खेळास उत्तेजन दिले. धनराज पुढे चार ऑलिंपिक स्पर्धांत खेळले आणि १९९८ साली त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने आशियाई सुवर्णपदक जिंकले.

या उदाहरणांवरून प्रत्येक मूल ऑलिंपिकला जाईल, असा अर्थ मात्र काढू नये. संघात अकराच जण खेळतात. निवड न होणारी मुले नेहमीच अधिक असतात. ज्या दिवशी फलकावरील यादीत मुलाचे नाव नसते, त्या दिवशी पालकांची खरी परीक्षा असते. दोष प्रशिक्षकांस देऊ नये, मुलासही देऊ नये आणि शेजारच्या मुलाशी तुलना करू नये. दुसऱ्या दिवशी सरावास जावयाचे की नाही, हे मुलास ठरवू द्यावे; ते निघाले तर त्याची काठी त्याच्या हाती द्यावी.

शिक्षकांनी सत्रारंभीच्या पालकसभेत या गोष्टी समजावून सांगाव्यात. विशेषतः ज्यांची मुले राखीव खेळाडू म्हणून बसून राहतात, त्या पालकांची आवर्जून भेट घ्यावी. जिंकलेल्या मुलाभोवती सारा गाव जमतो. हरलेल्या मुलाजवळ त्याच्या घरच्यांनी तरी उभे असावे.