घोडा स्वाराला ओळखतो तो कसा?

यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवड्याच्या परिसरात, शिवणीजवळ, १७ एप्रिल १८१८ रोजी दुसऱ्या बाजीरावाच्या फौजेची इंग्रज कर्नल अॅडम्सच्या पलटणींशी गाठ पडली. नोव्हेंबर १८१७ मध्ये खडकीची लढाई झाली, तेव्हापासून पेशव्यांचे घोडदळ चालतच होते. कोरेगाव झाले, अष्टी झाली, पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले, आणि फिरत फिरत ही फौज वऱ्हाडात येऊन पोचली. शिवणीलाही पराभव झाला आणि ३ जूनला पेशवा इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन झाला. पराभवाची कारणे इतिहासकारांनी पुष्कळ सांगितली आहेत. पण पाच महिने शेकडो कोसांची ही दौड ज्यांच्या पायांवर झाली, त्या घोड्यांकडे पाहिले की वेगळाच प्रश्न पडतो. साडेतीनशे-चारशे किलोचे जनावर साठ किलोच्या माणसाला पाठीवर का घेते? ताकदीचा हिशेब केला तर माणूस पहिल्या झटक्यातच खाली यायला हवा.

याचे उत्तर लगामात नाही आणि चाबकात तर नाहीच. शांत आणि भरवशाचा घोडा खोगिरावर बसून तयार होत नाही. तो पागेत, दाणावैरणीच्या वेळी, खरारा करताना तयार होतो. जुने मराठे स्वार हे अनुभवाने जाणत होते आणि गेल्या तीस-चाळीस वर्षांतल्या प्रयोगांनी तेच मोजून दाखवले आहे.

पळण्यासाठी घडलेले जनावर

घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. शिंगे नाहीत, नख्या नाहीत. वेळेवर पळणे हाच त्याचा बचाव. त्याचे सारे शरीर त्यासाठीच घडले आहे. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ साडेतीनशे अंशांचा परिसर दिसतो. जे दिसत नाही ते दोनच ठिकाणी: कपाळासमोर अगदी जवळ आणि शेपटीमागे. म्हणून मागून गुपचूप आलेला माणूस आणि कपाळावर अचानक आलेला हात या दोन्हींनी घोडा दचकतो. दोन्ही कान वेगवेगळ्या दिशांना वळतात, त्यामुळे पुढचा रस्ता आणि पाठीवरचा स्वार यांकडे तो एकाच वेळी लक्ष देऊ शकतो. अंगावर बसलेली माशीसुद्धा त्याला जाणवते आणि तेवढीच कातडी तो थरथरवतो. अशा कातडीला स्वाराच्या मांडीचा ताठरपणा कळणार नाही असे कसे होईल?

झोपेचेही तसेच. घोडा उभ्याउभ्या डुलकी घेतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवे व्हावे लागते, आणि जागा सुरक्षित वाटल्याशिवाय तो आडवा होत नाही. तबेल्यात पाय पसरून निजलेला घोडा दिसला, तर तिथल्या माणसांवर त्याचा विश्वास आहे असे खुशाल समजावे.

माणसाची धास्ती घोड्यापर्यंत पोचते

स्वीडनमधल्या संशोधक लिंडा कीलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये एक साधा पण विलक्षण प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांनी घोड्याला ठरलेल्या वाटेवरून चार वेळा न्यायचे, कधी हाताने धरून तर कधी वर बसून. चौथ्या फेरीआधी माणसांना सांगितले, की या वेळी घोडा जवळून जाताना एकजण छत्री उघडेल. छत्री उघडलीच नाही. तरी माणसांच्या हृदयाचे ठोके वाढले, आणि ज्यांना छत्रीची काहीच कल्पना नव्हती त्या घोड्यांचेही वाढले. घोडा छत्रीला घाबरला नव्हता. माणूस घाबरला आहे, एवढे त्याला पुरले.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या २०१६ च्या अभ्यासात घोड्यांना माणसांच्या चेहऱ्यांची छायाचित्रे दाखवली. रागावलेला चेहरा समोर येताच घोडे तो प्रामुख्याने डाव्या डोळ्याने पाहू लागले आणि त्यांचे ठोके लवकर वाढले. चेहरा अनोळखी आणि तोही नुसत्या कागदावरचा, तरीही!

याहून जुना किस्सा बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याचा. विसाव्या शतकाच्या आरंभी विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाच्या शिक्षकाचा हा घोडा गणिते सोडवतो म्हणून गाजला. बेरीज विचारली की तो खुराने तेवढे ठोके देई. ऑस्कार फुंग्स्ट या अभ्यासकाने १९०७ मध्ये उलगडा केला. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसले, की घोडाही चुके. बरोबर आकडा येताच विचारणाऱ्याच्या मानेत आणि चेहऱ्यात नकळत होणारी बारीकशी हालचाल हान्स टिपत होता. लोकांनी त्याला गणिती ठरवले होते. खरे तर तो माणसाचा अव्वल वाचक होता.

पागेतली शिस्त

आता आपल्या मुलखाकडे येऊ. सभासद बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येणारा तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि तेवढ्या घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी आणि नाल या दोन गोष्टींची तजवीज फौजेच्या मांडणीतच केलेली होती. ‘मिळेल तिथे बघू’ हा प्रकारच नव्हता.

१६७० च्या दशकात चिपळूणजवळच्या छावणीला महाराजांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. दाणा आणि वैरण आत्ताच बेहिशेब संपवली तर पावसाळ्यात काही उरणार नाही, घोडी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय. गवताच्या गंजीजवळ विस्तव नको, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते. शेतकऱ्यांना उपद्रव देऊ नका ही ताकीदही त्यातच आहे. घोड्याचे पोट ही राज्याची जबाबदारी, हा त्यामागचा विचार.

तो शास्त्रालाही धरून आहे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरत असते, कारण मोकळ्या रानात तो दिवसातले चौदा-सोळा तास चरत असतो. पोट फार वेळ रिकामे राहिले की जठराला व्रण होतात आणि जनावर चिडके बनते. अशा घोड्याला आपण ‘खोडकर’ म्हणतो आणि वर मारतो.

१८०९ मध्ये दौलतराव शिंद्यांच्या छावणीत असलेला इंग्रज अधिकारी थॉमस ब्रॉटन याने लिहिलेली पत्रे १८१३ मध्ये पुस्तकरूपाने आली. मराठा स्वार घोड्याला घरच्या माणसासारखे वागवतात, थोपटतात, त्याच्याशी बोलत राहतात, आणि म्हणून ही घोडी इतकी समजूतदार व माणसाळलेली असतात, असे त्याचे निरीक्षण होते. भीमाकाठच्या भीमथडी घोड्यांचेही त्याने कौतुक केले. मध्यम बांध्याचा, काटक, थोड्या चाऱ्यावर निभावणारा हा घोडा पुढे विस्मरणात गेला, तरी धनगरांच्या वाड्यांनी तो सांभाळला. आज स्वतंत्र जात म्हणून त्याची राष्ट्रीय पातळीवर नोंद झाली असून भारतातली ती घोड्याची आठवी नोंदणीकृत जात आहे. मेंढरांमागे संसार वाहून नेणाऱ्या या घोड्यांना बिऱ्हाडातल्या पोरांचा हात लहानपणापासून अंगावर फिरलेला असतो.

खरारा आणि हृदयाचे ठोके

दोन घोडे शेजारी उभे राहून एकमेकांच्या मानेच्या मुळाशी दातांनी खाजवताना अनेकांनी पाहिले असतील. ती दोस्तीची खूण. १९९३ मध्ये फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर एक अभ्यास झाला. मानेच्या मुळाशी, खोगिराच्या पुढच्या उंचवट्याजवळ माणसाने हाताने खाजवले की घोड्याच्या हृदयाचे ठोके कमी होत. दुसऱ्या जागी खाजवल्यावर तसे होत नसे.

खराऱ्याचे मोल इथे कळते. धूळ निघते हा झाला वरवरचा फायदा. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या माणसाचा हात अंगभर फिरला की तो हात म्हणजे आराम, ही गाठ घोड्याच्या मनात बसते. रोज निगा राखणाऱ्या मोतद्दाराला घोडा मालकापेक्षा जास्त ओळखतो, त्याचे कारणही हेच.

पाठीवर कोणी नसताना

आषाढी वारीतले रिंगण हा या नात्याचा महाराष्ट्रातला सर्वांत देखणा पुरावा. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीसोबत दोन अश्व चालतात. ते बेळगाव जिल्ह्यातल्या अंकलीहून शितोळे सरकारांकडून येतात. एकावर पताका घेतलेला स्वार असतो, दुसरा मोकळा असतो. त्यावर माउली आरूढ आहेत अशी वारकऱ्यांची श्रद्धा. चांदोबाचा लिंब इथे पहिले उभे रिंगण होते, पुढे पुरंदवड्यासारख्या ठिकाणी गोल रिंगणे. टाळ-मृदंगाचा गजर, लाखोंची गर्दी, आणि मधल्या अरुंद वाटेने मोकळा अश्व दौडत जातो. लोक त्याच्या टापांखालची माती कपाळी लावतात.

पळून जाणे ज्याच्या रक्तात, त्या प्राण्याने एवढ्या गलक्यात वाट न सोडणे हे सोपे नाही. पुढचा घोडा धावला की मागच्याने धावावे, ही कळपाची प्रेरणा इथे कामी येतेच. पण गर्दी म्हणजे धोका नव्हे, हे त्याला सरावानेच उमगलेले असते.

खोगीर चढवण्याआधी

हा सराव कोणत्याही नव्या घोड्याला देता येतो. घाई मात्र चालत नाही. समोरून किंवा मागून न जाता खांद्याच्या बाजूने, बोलत जावे. हात हुंगू द्यावा, मग मानेच्या मुळाशी खाजवावे. कान पुढे किंवा सैल आणि खालचा ओठ ढिला असेल तर मामला ठीक. कान मागे चिकटले, शेपटी आवळली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसू लागला, तर थांबावे. खोगीर आधी हुंगायला द्यावे, मग पाठीवर अलगद ठेवावे, आणि तंग एका दमात न आवळता दोन-तीन वेळा थोडाथोडा कसावा.

लगामाची कडी घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मधल्या मोकळ्या हिरडीवर बसते. ती जागा फार नाजूक. घोडा शिकतो तो ओढण्याने नव्हे, तर सोडण्याने: त्याने ऐकले की त्याच क्षणी हात सैल झाला पाहिजे. चार सेकंद उशीर झाला तर आपण कशाबद्दल सुटलो हे त्याला कळत नाही. वजनाचेही भान हवे. खोगीरासह स्वाराचा भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त नसावा, असा जाणकारांचा दंडक आहे. तीनशे किलोच्या तट्टावर म्हणजे साठ किलो.

वरातीची घोडी

यवतमाळकडे आज घोडा दिसतो तो मुख्यतः लग्नात. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माळेगावला मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते आणि तिथे घोड्यांचा मोठा बाजार असतो. तिथले गिऱ्हाईक देवमण आणि अंगावरच्या केसांचे इतर शुभ-अशुभ भोवरे बघते, रंग बघते. स्वभाव बघायला मात्र फार थोडे थांबतात. मग वैशाखात, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, ही घोडी डीजेच्या भिंतीपुढे आणि फटाक्यांच्या माळांमध्ये उभी केली जाते. एरवीही घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. उन्हात घाम गाळल्यावर त्याहून कितीतरी जास्त. तहानलेली, भ्यालेली घोडी उधळली तर दोष तिचा नसतो.

अशा घोडीला आवरण्यासाठी काटेरी लगाम वापरणे हा गुन्हा आहे. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी अशा लगामाला मनाई केली आहे. म्हणून वरातीसाठी घोडी ठरवायला जाल, तेव्हा भाव करण्याआधी तिचे तोंड उघडून बघा. ओठाच्या कोपऱ्यात जखम किंवा लगामाला काटे दिसले, तर ती घोडी घेऊ नका आणि मालकाला कारणही सांगा. नवरदेवाला बसवण्याआधी तिला बादलीभर पाणी पाजा, फटाके तिच्यापासून लांब ठेवा, आणि तिच्या तोंडाशी रोजचा मोतद्दारच उभा राहील एवढे पाहा.