अक्षराच्या पोटातला उजेड

वर्तमानपत्राचा रकाना अरुंद आणि मथळा लांब. भित्तिपत्रकाचा कागद उभा, पण त्यावरचं नाव रस्त्यापलीकडून वाचता आलं पाहिजे. अक्षर मोठं केलं तर ओळ मावत नाही, लहान केलं तर दिसत नाही. एकोणिसाव्या शतकातल्या छपाईवाल्यांनी यावर धीट उपाय काढला: अक्षर रुंदीला कमी, उंचीला जास्त आणि अंगाने जाड करायचं. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ च्या सुमारास लाकडी अक्षरं यंत्राने कोरायला सुरुवात केली. मोठे धातूचे खिळे जड आणि महाग. लाकडाचे हलके, स्वस्त. मग नाटक-सर्कशींच्या जाहिराती अशा उंच, काळ्या अक्षरांनी भरून गेल्या.

या घराण्यातलं मला सर्वांत थक्क करणारं अक्षरवळण म्हणजे इम्पॅक्ट. जाहिरात क्षेत्रातले ब्रिटिश डिझायनर जेफ्री ली यांनी ते रेखाटलं आणि १९६५ मध्ये शेफील्डच्या स्टीफन्सन ब्लेक या कंपनीने ते धातूत ओतलं. दिलेल्या जागेत कागदावर जास्तीत जास्त शाई उतरवायची, हा लींचा ध्यास. म्हणून त्यातली लहान लिपीची अक्षरं जवळपास मोठ्या लिपीइतकी उंच आहेत. वर-खाली निघणाऱ्या दांड्या आखूड, त्यामुळे ओळी एकमेकींना अगदी खेटून बसतात. आतली पोकळी म्हणजे नुसती फट!

आणि वाचता येतं ते त्या फटीमुळेच. ती बुजली की ‘ओ’ काय आणि ‘डी’ काय, दोन्ही काळे ठोकळे.

इंग्रजी लहान ‘ई’ पाहा. तिथे एका उंचीत तीन आडव्या रेघा आणि त्यांच्यामधल्या दोन पांढऱ्या जागा मावायला हव्यात. उभी रेघ हवी तेवढी फुगवता येते, आडवी नाही. म्हणून आडव्या रेघा गुपचूप बारीक केलेल्या असतात. कमान दांडीला मिळते तिथेही रेघ निमुळती होते, नाहीतर त्या सांध्यात काळा डाग दिसतो. गोल अक्षर सपाट अक्षरापेक्षा किंचित उंच काढावं लागतं, तेव्हा कुठे डोळ्याला ती सारखी वाटतात. संगणकावर साधं अक्षर आडवं दाबलं तर नेमकं उलटं घडतं: उभ्या रेघा बारीक होतात, आडव्या जाडच राहतात. फलकांवरचे असे चेपलेले मथळे बघवत नाहीत.

१९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने वेबसाठी मोफत दिलेल्या फाँटमध्ये इम्पॅक्ट होता. पुढे पांढरं अक्षर, काळी कड या रूपात तो असंख्य मीम्सवर चढला. फोटो उजळ असो की गडद, मजकूर वाचता येतोच. परिच्छेदासाठी मात्र हे वळण अजिबात वापरू नये. लहान आकारात फटी मिटतात आणि डोळा शिणतो.

देवनागरीत हेच काम कितीतरी अवघड आहे. शिरोरेषा वरचा काळेपणा आधीच वाढवते. वर वेलांटी, मात्रा, रफार, खाली उकार. ओळी खेटवायला गेलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. शिवाय जोडाक्षरं! तरीही मुंबईच्या एक टाइपने ‘अनेक’ हा फाँट-परिवार घडवला. त्यात देवनागरीसह नऊ भारतीय लिप्या आणि रोमन आहे, आणि अक्षर बारीक ते अतिजाड, अरुंद ते रुंद असं हवं तसं सरकवता येतं. तो मोफत मिळतो. त्यात ‘ज्येष्ठ’ टाइप करा, जाडी शेवटपर्यंत वाढवा, रुंदी शेवटपर्यंत घटवा, आणि ‘ष्ठ’मध्ये पांढरं कुठे कुठे राखलंय ते शोधा.