उपवास, औषधे आणि खनिजांच्या गोळ्या



एकादशी, संकष्टी वा श्रावणी सोमवारी जेवणाची वेळ बदलते व तिच्याबरोबर गोळ्यांचीही वेळ बदलते. अशा दिवशी सर्व गोळ्या एकदमच दुधाबरोबर घेतल्या जातात. त्यांत कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम किंवा जस्ताची गोळी असेल, तर सोबतचे औषध निष्फळ होण्याचा संभव असतो.

याचे कारण असे की, ही खनिजे पोटात काही औषधांशी बांधली जातात आणि मग ते औषध आतड्यातून रक्तात नीट शोषले जात नाही. थायरॉक्झिन घेणाऱ्या रुग्णाचा थायरॉईड यामुळे आटोक्यात राहत नाही व औषधाची मात्रा विनाकारण वाढवावी लागते. सिप्रोफ्लॉक्सासिनसारखे प्रतिजैविक अपुरे पडून संसर्ग तसाच राहतो.

यास्तव पुढील अंतर राखावे :

१) थायरॉक्झिन सकाळी उपाशीपोटी केवळ पाण्याबरोबर घ्यावे. दूध, चहा व न्याहारी अर्ध्या ते एका तासानंतर, आणि लोह व कॅल्शियम ४ तासांनंतर.

२) सिप्रोफ्लॉक्सासिन हे खनिजांच्या गोळीच्या किमान २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावे. आम्लपित्तावरील मॅग्नेशियम व ॲल्युमिनियमयुक्त औषधांनाही हाच नियम लागू आहे.

३) गर्भवती भगिनींना सरकारी आरोग्य केंद्रातून लोह व कॅल्शियम दोन्ही गोळ्या मिळतात. त्या एकत्र घेऊ नयेत. कॅल्शियम जेवणासोबत व लोह जेवणानंतर २ तासांनी घ्यावे.

पोटॅशियमची गोष्ट मात्र निराळी आहे. रक्तदाबावरील रामिप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन ही औषधे शरीरातील पोटॅशियम वाढवू शकतात. त्यावर पोटॅशियमची गोळी, किंवा पोटॅशियम मिसळलेले ‘कमी सोडियमचे’ मीठ घेतल्यास हृदयाचे ठोके धोकादायकरीत्या बिघडू शकतात. येथे वेळेचे अंतर उपयोगी पडत नाही. डॉक्टरांचा सल्ला हाच मार्ग.

कोणतीही गोळी स्वतःहून बंद करू नये. आपण घेत असलेल्या सर्व गोळ्यांची यादी, दुकानातून परस्पर आणलेल्या शक्तिवर्धक गोळ्यांसह, डॉक्टरांना दाखवावी.

व्रतभंग न करणाऱ्या आठ गोष्टी आपल्या शास्त्रकारांनी सांगितल्या आहेत. त्यांत पाणी व औषध या दोहोंचा समावेश आहे. तेव्हा उपवासाच्या दिवशीही औषध पाण्याबरोबर, ठरल्या वेळीच घ्यावे, ही विनंती.

आपला नम्र,
चिटणीस