माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय! डॉक्टरांचं ट्रेनिंग पेशंटपर्यंत कसं पोचतं?

ऐकायला वेळ नाही मिळाला? हरकत नाही, आजचा भाग इथे वाचा.

सुरुवात माझ्याच चुकीपासून. मागे मी नर्सेसच्या ट्रेनिंगसाठी एक अ‍ॅप बनवलं होतं. किती जणींनी कोर्स पूर्ण केला, किती मार्क पडले, सगळं डॅशबोर्डवर दिसायचं. एका सिनिअर नर्सनं विचारलं, "पण पेशंटला काय फरक पडला, ते कुठं दिसतं?" तो रकाना मी ठेवलाच नव्हता.

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९मध्ये ट्रेनिंग तपासायच्या चार पायऱ्या मांडल्या. आवडलं का? शिकलात का? कामात बदल झाला का? आणि त्यातून प्रत्यक्ष परिणाम काय झाला? वैद्यकीय शिक्षणातलं पुष्कळसं संशोधन पहिल्या दोन पायऱ्यांवरच दमतं, कारण फॉर्म भरून घेणं सोपं असतं.

आता चौथी पायरी गाठणारं एक उदाहरण बघू. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलला साउथमीड रुग्णालय आहे. बाळंतपणात कधीकधी बाळाचं डोकं बाहेर येतं आणि खांदा आत अडकतो. हातात मोजकीच मिनिटं असतात. अशा प्रसंगांसाठी २००० साली तिथं प्रसूती विभागातल्या सुईणी आणि डॉक्टर यांचं एकत्र ट्रेनिंग सुरू झालं. बाहुलीवर सराव, तोही आपल्याच टीमबरोबर. यायचं सगळ्यांनीच.

मोजायचं काय, तर अपगार स्कोअर. जन्मल्यावर बाळाचे ठोके, श्वास, रंग वगैरे बघून दहापैकी गुण देतात. हे तिथं आधीपासूनच नोंदवलं जात होतं, म्हणजे नवीन रजिस्टरची गरज नाही. पाचव्या मिनिटाला सातपेक्षा कमी गुण असलेली बाळं दर दहा हजारांत सुमारे ८७ होती, ती ४५ वर आली. खांदा अडकलेल्या बाळांमध्ये इजा होण्याचं प्रमाण ९.३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आलं.

मस्त ना? मग हेच सगळीकडे करूया!

पुढे स्कॉटलंडच्या १२ प्रसूती विभागांत हाच कोर्स नेला. प्रत्येक ठिकाणचे काही लोक शिकून आले आणि त्यांनी आपापल्या विभागात तो शिकवायचा होता. निकाल? कमी अपगारच्या प्रमाणात एकूण फरक दिसला नाही.

आम्हा कोडिंगवाल्यांना हे दुखणं पाठ आहे: "माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय!" कोड तोच, पण सर्व्हर वेगळा. कोर्सचंही तसंच. सरावाला ड्युटीतून वेळ मिळतो का, सगळे येतात का, वरिष्ठांचा पाठिंबा आहे का, यावरही बरंच काही ठरतं.

म्हणून संशोधन सुरू करण्याआधीच चार गोष्टी लिहून काढा:

१. पेशंटच्या बाबतीत नेमकं काय बदलायला हवं?
२. त्याची नोंद आत्ता कुठं होते?
३. वॉर्डात हे राबवणारे लोक पहिल्या मीटिंगला हजर आहेत का?
४. संशोधक निघून गेल्यावर हे कोण चालवणार?

पेपर छापून आल्यावर 'आता परिणाम कसा दाखवू' म्हणणं म्हणजे अ‍ॅप लाँच झाल्यावर युजर शोधायला निघणं.

तुमच्यापैकी कुणी इंटर्न किंवा नर्सिंगला असेल, तर सांगा: तुमच्या शेवटच्या ट्रेनिंगनंतर वॉर्डात काय बदललं? त्या सिनिअर नर्सचा रकाना मी आता सगळ्यात आधी काढतो.

भेटू पुढच्या भागात!